उलटं करून बघितलेलं घर

"बाबा, आपण चोर आहोत का?"

प्रश्न तिचा नव्हता. प्रश्न वर्गातल्या चिमटीचा होता, पैज दुसऱ्या मैत्रिणीची, चष्म्याची होती, तिचं फक्त तोंड होतं. पण तोंड ज्याचं, प्रश्नही त्याचाच धरला जातो हे तिला बाबांचा घास ताट आणि तोंड यांच्या मधोमध अडकला तेव्हा कळलं. आई हसेल असं तिने धरून ठेवलं होतं. आई हसली की बाबा हसतील, बाबा हसले की ती सांगून टाकेल, पैज होती हो, आणि उद्या वर्गात कॉलर ताठ. पण आई हसली नाही. आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी आईकडे. जड कपाट उचलायच्या आधी दोन माणसं एकमेकांकडे बघतात ना, तू आधी उचलतोस की मी, तसं. आणि कपाटाच्या जागी ती बसलेली. "कोण म्हणालं?" बाबांनी विचारलं. "कोणी नाही," ती म्हणाली, आणि लगेच, कारण हल्ली तिला खोटं बोलायचा कंटाळाच यायचा, "चिमटी."

दुपारी ती, चिमटी आणि चष्मा अशा तिघी तिच्या घरी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसल्या होत्या, म्हणजे पुस्तकं उघडून गप्पा मारत होत्या. चिमटीला कुठलीही वस्तू हातात आली की उलटी करून बघायची खोड. बाटली असो, चप्पल असो, दुसऱ्याची वही असो. तिने टेबलावरचा दिवा उचलला, हिरव्या पत्र्याच्या टोपीचा, वाकड्या मानेचा, आणि पालथा केला. मग तिने तो डोळ्यांजवळ नेला. दिव्याच्या बुडाला, गंजाच्या ठिपक्यांमधून, सुईच्या टोकाने खरवडावं तसं चिमटीचं आडनाव लिहिलेलं होतं. कोणाचंही असावं असं ते आडनाव नाही. अख्ख्या शाळेत ते एकट्या चिमटीचं. "हा आमचा दिवा आहे," चिमटी म्हणाली. "तुमच्याकडे काय करतोय? चोर आहात की काय?" चष्म्याने नाकावरून चष्मा वर ढकलला आणि खिडकीतला जुना रेडिओ उलटा केला. त्याच्या पोटावर तिसरंच आडनाव. मग खुर्ची. चौथंच. चष्मा म्हणाली, "अगं, तुमच्या घरात तुमचं काय आहे?" हसून हसून दोघींची पोटं दुखली. ती हसली नाही, तिने दिवा सरळ करून जागेवर ठेवला. "भोंग्या, हिंमत असेल तर आज जेवताना विचार," चष्मा म्हणाली. "जसंच्या तसं. 'आपण चोर आहोत का.' लाडीगोडी नाही, 'म्हणजे मला असं म्हणायचंय' नाही." भोंगा म्हणजे ती. मागच्या वर्षापर्यंत तिचं वर्गात नावच नव्हतं. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा ती 'हजर' म्हणायची आणि बाई तिला गैरहजर मांडायच्या, इतका आवाज. मग स्नेहसंमेलनात ऐन वेळी माइक मेला, निवेदन करणारी मुलगी पुतळा झाली, आणि पडदा ओढायला ठेवलेल्या हिने पडद्यामागून पुढचं सगळं निवेदन ओरडून म्हटलं, शेवटच्या रांगेतल्या पालकांनी टाळ्या वाजवेपर्यंत. आपल्या छातीत एवढा मोठा आवाज इतकी वर्षं कुठे घडी घालून ठेवलेला होता याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं. तेव्हापासून ती बोलत सुटली होती. तेव्हापासून पैज आली की ती मागे हटत नव्हती. आणि आता त्या आवाजाने तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे काय आणून आदळलं होतं.

बाबांनी घास खाली ठेवला. उत्तर यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिच्या डोक्यात एक अख्खा खटला उभा राहिला. लहानपणी त्यांच्या घरातून वस्तू नाहीशा व्हायच्या. हे तिला आत्ताच आठवलं असं नाही, ते कायम माहीतच होतं, दात पडतात तसं. पण आत्ता ते नव्या उजेडात आठवलं. निळ्या पात्यांचा पंखा होता, त्याच्यासमोर बसून ती 'आऽऽ' म्हणायची आणि पंखा तिच्या आवाजाचे तुकडे करून परत द्यायचा. एके दिवशी शाळेतून आली तर पंख्याच्या जागी पंख्याएवढी स्वच्छ गोल जागा. "गेला," आई म्हणाली होती, आणि तिने आठवडाभर पंख्याचं सुतक पाळलं होतं. चंद्राचं तोंड असलेलं घड्याळ होतं. एक थकलेला माणूस आला, खुर्चीच्या टोकावर बसला, पाणी प्यायला, आणि ते घड्याळ बाळासारखं छातीशी धरून रडत रडत जिना उतरला. चोरी पकडली गेली की असंच होत असेल का? मालक येतो, रडतो, आपलं घेऊन जातो, पोलिसांना सांगत नाही कारण बाबा चांगले वाटतात? आणि सगळ्यांत वाईट ते आडनाव. बाजाराच्या पलीकडे दातांच्या एका डॉक्टरची पाटी होती, आणि तिच्यावर यांचंच आडनाव. वाचायला नुकती शिकली होती तेव्हा तिने ती पाटी बघून रस्त्यात नाचत सांगितलं होतं, "बाबा, आपले नातेवाईक!" आणि बाबांनी तिचा हात असा ओढला होता की खांदा दुखला. त्यानंतर ते दोघं नेहमी लांबच्या रस्त्याने गेले. बाबांची दाढ सुजून गालाचा भोपळा झाला तरी ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेले. तिला वाटायचं भावकीतलं भांडण असेल. सगळ्यांच्याच घरी असतं. आता वाटलं, भांडण नसेलच. आडनावसुद्धा उचललेलं असेल.

"दिवा आण," बाबा म्हणाले.

त्यांनी दिवा पालथा केला आणि त्या खरवडलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, ताप बघावा तसा. "हे माझ्या बाबांचं अक्षर. त्यांची रेघ डावीकडे कलायची." मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज दुकानातल्या आवाजासारखा झाला, गिऱ्हाईकाला बिघाड समजावून देताना असतो तसा, घाई नसलेला. घर वर आणि दुकान खाली, मधे लोखंडी जिना. खाली चार पिढ्या दुरुस्तीच चाललेली. इस्त्र्या, पंखे, रेडिओ, दिवे, काहीही. वस्तू आली की पहिलं काम तिचं पोट उघडायचं नाही. पहिलं काम टोच्या घेऊन बुडाला मालकाचं आडनाव कोरायचं. चिठ्ठी फाटते, माणूस विसरतो, बूड कुठे जात नाही. आणि माणसं खरंच विसरतात. गाव सोडतात, भांडतात, नवीन घेतात, मरतात. "मग ती वस्तू विकायची नाही, फेकायची नाही आणि नुसती ठेवायची पण नाही. ठेवलेली वस्तू मरते, बाळा. तेल सुकतं, रबर तडकतं, तारा कुजतात. म्हणून ती वर आणायची आणि वापरत ठेवायची. मालक आला की चालती वस्तू हातात द्यायची."

"आणि नाही आला तर?"

"तर काय? वापरत ठेवायची."

"म्हणजे आपण चोर नाही."

"चोर कसले? राखणदार."

"राखणदार हे," आई म्हणाली, "आणि सगळ्यांच्या वस्तूंची धूळ पुसणारी मी." आई दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून येते आणि घरी येऊन परक्यांचे रेडिओ पुसते, हे तिने पहिल्यांदाच बोलून दाखवलं असावं, कारण बाबा ओशाळले आणि मग तिघंही हसली. हसता हसता तिला भूक लागली आणि तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. चंद्राच्या तोंडाचं घड्याळ नेणारा माणूस पकडलेल्या चोराकडून माल नेत नव्हता तर. त्याला त्याचा गेलेला काळ टिकटिक करत परत मिळाला होता, म्हणून रडत होता. केवढा फरक! घटना तीच, माणूस तोच, पाण्याचा पेला तोच, आणि तरी आठवणीतला तो जिना एकदम उजळला, जणू कोणी मागे जाऊन तिथला बल्ब बदलला होता.

मग तिला चेव चढला. चिमटीच्या वरताण, तिने घर उलटं करायला घेतलं. स्टूल उलटं, तराजू उलटा, इस्त्री, दळायचं यंत्र, आरसा भिंतीवरून काढून पाठमोरा. शाळेच्या शिपायाचं आडनाव, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं, एका मुलीचं जिच्याशी तिने तिसरीत कट्टी घेतली ती अजून सुटली नव्हती. त्या मुलीच्या पणजोबांच्या पंख्याखाली ती इतकी वर्षं झोपत होती! ती एकेक आडनाव मोठ्याने पुकारत होती, हजेरी घ्यावी तसं, आणि बाबा खुर्चीवरून 'हजर' म्हणत होते. आई म्हणाली, "पुरे गं, भूकंप झाल्यासारखं दिसतंय." पण हळूहळू तिचा आवाज खाली आला. उलटं करायच्या वस्तू संपत आल्या आणि एक आडनाव काही आलं नाही. तिचं. ज्या वस्तूंच्या बुडाला काहीच नव्हतं त्या आईने बाजारातून आणलेल्या, कालच्या, प्लास्टिकच्या. सगळ्या गावाचे पूर्वज त्यांच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने नांदत होते, आणि त्यांचा स्वतःचा एकही नव्हता. चोर नाही हे ठीक. पण मग आपण कोण? ज्यांच्या घरी काहीच आलेलं नाही असे लोक? उलट्या स्टुलाच्या चार पायांमध्ये बसून तिला पुन्हा तो जुना, घडी घातलेला, गैरहजर मांडल्या जाणाऱ्या मुलीचा आवाज आपल्या गळ्यात चढताना जाणवला. "आपलं काहीच नाहीये का?" तिने त्या आवाजात विचारलं.

पुन्हा ते बघणं. आई बाबांकडे, बाबा आईकडे. या वेळी आईने आधी उचललं. "दाखवा तिला. किती दिवस टाळणार?"

शिलाई मशीन. ते तिला उलटं करता येणार नव्हतं म्हणून तिने सोडून दिलं होतं. बिडाचं, काळं, पायाने चालवायचं, आई त्यावर अजून उशांचे अभ्रे शिवते. बाबांनी एका बाजूने धरलं, आईने दुसऱ्या, डोकं बिजागरीवर मागे कललं, आणि ती टॉर्च घेऊन खाली वाकली. तेलकट, अंधाऱ्या पोटात, फार जुन्या, उभट, कष्टाने काढलेल्या अक्षरांत तिचं आडनाव होतं. "आपलं!" ती ओरडली, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं. "आपलं आहे! हे आपलं आहे!"

"हळू," बाबा म्हणाले. "हे आपलं नाही. आपण याचे आहोत."

दुकान पहिल्यांदा ज्याने काढलं तो यांच्या रक्ताचा कोणीच नव्हता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. एकटा जीव, पुढे-मागे कोणी नाही. एका सकाळी एक बाई हातगाडीवर हे मशीन घेऊन आली, बरोबर जेमतेम बोलायला लागलेली एक पोरगी. पट्टा तुटलाय म्हणाली. मिस्त्रीने मशीन कुणाचं विचारलं, तिने आडनाव सांगितलं, त्याने कोरलं. "तोवर पोरगी बसू दे, मी आलेच," ती म्हणाली आणि गेली. पट्टा दुपारीच बसला. बाई आली नाही. ती वाईट होती, आजारी होती, की रस्त्यात तिला काही झालं, कोणालाच कळलं नाही. मिस्त्रीला मुलं कशी वाढवतात ते माहीत नव्हतं. त्याला एकच रीत माहीत होती. मालक येईपर्यंत वस्तू चालती ठेवायची. म्हणून त्याने पोरीला खाऊ घातलं, हातात पाना दिला, आणि शाळेत घालायची वेळ आली, मास्तरांनी आडनाव विचारलं, तेव्हा तो मुकाट्याने दुकानात परत आला आणि मशीन उलटं करून वाचून गेला. "नाव शोधायची त्याला तेवढीच जागा ठाऊक," बाबा म्हणाले. "ती पोरगी म्हणजे माझी आजी. तुझी पणजी. पुढे दुकान तिनेच चालवलं. लग्न केलं तेव्हा नवऱ्याने हिचंच आडनाव लावलं."

"का? इतकं प्रेम?"

"प्रेम असेलही. पण दुकानाची पाटी नुकतीच रंगवून झाली होती. रंग वाया घालवणारी माणसं नव्हेत ती."

आईने मशीनचं डोकं हलकेच खाली आणलं. "आणि मोठी झाल्यावर तिच्याच लक्षात आलं," आई म्हणाली, "की मशीन आईचं असेलच असं नाही. शिवणाला ठेवलेली बाई असेल तर मालकिणीचं मशीन दुरुस्तीला घेऊन आली असेल. मशीन कुणाचं विचारलं तर ती मालकिणीचंच आडनाव सांगणार ना? स्वतःचं तिला कोणी विचारलंच नाही."

तिला वाटलं आता पायाखालची जमीन जाणार. पुस्तकांत अशा वेळी जाते. ती वाट बघत बसली, पण जमीन होती तिथेच होती, आणि तिच्यावर उलटी स्टुलं, उलटा तराजू, पाठमोरा आरसा. उलट तिला हसू फुटलं. चुकून लागलेलं आडनाव! कुठल्याशा परक्या मालकिणीचं, जिला हे माहीतही नाही! चष्म्याच्या घरी पूर्वजांच्या तसबिरींची रांग आहे आणि चष्म्याला परीक्षेत कमी पडले की सगळे तिच्याकडे भिंतीवरून बघतात. हिच्याकडे भिंतीवरून बघायला कोणी नव्हतं. होती ती हातात पाना घेतलेली एक पोरगी, जिला कोणी न्यायला आलं नाही आणि म्हणून जी चालू राहिली. एवढंच. एवढं पुष्कळ होतं. मग हसता हसता तिला ती पाटी आठवली आणि ती थांबली. "दातांचे डॉक्टर," ती म्हणाली. "मशीन त्यांच्या घरचं आहे."

"असेल. गावात ते एकच दुसरं घर."

"मग तुम्ही जाऊन विचारलं का नाही? नियम सगळ्यांना सारखा ना?"

"गेले होते," आई म्हणाली. "दोनदा. दोन्ही वेळा दाराची घंटा न वाजवता परत आले."

बाबांनी टॉर्च तिच्या हातातून घेतला, उगाच चालू-बंद केला. "मशीनचं काही नाही गं. नेलं तर नेलं. पण त्यांनी आडनाव परत मागितलं तर?" गंमत म्हणून बोलल्यासारखे ते बोलले, पण हसले नाहीत. आणि तिने बघितलं की कसलीही वस्तू उघडायला न घाबरणारा हा माणूस, त्याची आजी, त्याचे बाबा आणि तो असे तिघंजण, एकामागून एक, एका पितळी पाटीला घाबरून आयुष्यभर लांबच्या रस्त्याने चालत आले आहेत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती हिरवा दिवा घेऊन चिमटीकडे गेली. मालक सापडला म्हणजे द्यायचा, सरळ होतं. पण सकाळी वायर तिने फार सावकाश गुंडाळली होती. त्या पिवळ्या वर्तुळात ती वाचायला शिकली होती. वर्तुळाबाहेर तिला अजूनही अभ्यास होतो की नाही ते बघावंच लागणार होतं. चिमटीचे आजोबा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी दिवा बघितला, वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "झाला का एकदाचा? मला वाटलं, सुटा भाग मिळत नाहीये." चिमटी खो-खो हसत आत पळाली. त्यांनी दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. वाकडी मान हलवून बघितली. मग गंजाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "आमच्या धाकट्याचा हा," ते म्हणाले. "भांडून गेला घरातून. मी म्हटलं, राहू दे तिकडेच, बघितला की राग येतो." आणि नाक ओढलं. "तू कोणाची?"

तिने आडनाव सांगितलं. आज पहिल्यांदा ते सांगताना तिला जीभ अडखळेल असं वाटलं होतं, कारण आज तिला ते कुठून आलं हे माहीत होतं.

"म्हणजे दुरुस्तीवाल्यांची! मग आधी सांगायचं नाही का? आमच्या लहानपणी म्हणायचे, हे आडनाव असेल तिथे वस्तू ठेवून दहा गावं हिंडून ये, परत मिळते." ते पुढे झुकले. "तो दातांचा डॉक्टर तुमच्यातलाच ना? त्याच्या बापाने दवाखाना काढला तेव्हा आम्ही म्हणालो, बरोबर आहे, आता दात दुरुस्त करायला लागले."

म्हणजे गावाच्या लेखी आडनाव दुरुस्तीवाल्यांचंच होतं, आणि डॉक्टर त्यांच्यातले! मग तिला काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने त्या म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही हात धरून हलवले आणि जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली. लांबच्या रस्त्याने गेलीच नाही. बाजारातून सरळ. लहानपणापासून ज्या रस्त्याकडे पाठ फिरवली तो रस्ता अगदीच साधा निघाला: सायकलींचं दुकान, चष्म्यांचं दुकान, एक मांजर, आणि ती पाटी, तिला वाटायची त्याच्या निम्म्याने लहान. दारात एक बाई गाल धरून बसली होती. ती पाटीखाली उभी राहिली, स्वतःचं आडनाव पुन्हा एकदा वाचलं, आणि तिला ते दुसऱ्या कोणीतरी घातलेल्या आपल्या सदऱ्यासारखं दिसलं. म्हणजे आपला तो आपल्याच अंगावर आहे आणि तरी अगदी तसाच एक समोर चाललाय. घंटेकडे तिचा हात गेला होता. पण हे एकटीने, न सांगता करायचं काम नव्हतं. तीन पिढ्यांनी जे टाळलं ते आधी घरात मोठ्याने म्हणायला हवं होतं.

बाबा दुकानात एका पंख्याचं पोट उघडून बसले होते. आई नुकतीच येऊन पायरीवर टेकली होती, पायातल्या चपला अजून तशाच. ती दोघांच्या मधे उभी राहिली.

"शनिवारी मी त्या दातांच्या डॉक्टरांकडे जाणार आहे," ती म्हणाली.

"दात दुखतोय?" आईने विचारलं.

"दात कुठे दुखतोय? त्यांची घंटा वाजवणार आहे. सांगणार आहे, तुमचं एक मशीन आमच्याकडे आहे, चालू आहे, पट्टा बसवलाय. हवं असेल तर न्या, मी स्वतः तेल घालून देईन. आणि ते घेऊन आलेली बाई कोण होती हे तुमच्या घरात कोणाला ठाऊक असेल तर तेवढं सांगा. नसेल ठाऊक तरी चालेल." बाबांचा हात पंख्याच्या पोटातच थांबला होता, तिने त्यांच्याकडे बघितलं आणि आवाज मुळीच खाली आणला नाही. "आणि त्यांनी आडनाव मागितलं, तर ते मी देणार नाही. दोघांना मिळून वापरायचं असेल तर वापरू. तुम्ही दोघं बरोबर आलात तर मला आवडेल, बाबा. नाही आलात तरी मी जाणार आहे."